एका हिवाळ्यापुरतं घर

किल्ली हातात घेण्याआधी मार्लिसने घरमालकाला एवढंच विचारलं, "समोर कोण राहतं?"

"ऑरिन लिंडाल. एकटाच असतो. कुणाच्या अध्यातमध्यात नाही."

"मग घेते घर."

तिला शांतता हवी असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. मुलगी गेली, पाठोपाठ नवऱ्याशी बोलणं तुटलं. आणि मिनेसोटातल्या त्या उपनगरात शांततेला तोटा नव्हता. सकाळी गॅरेजची दारं वर जायची, संध्याकाळी खाली यायची. मार्लिस कॉफी घेऊन रस्त्याकडच्या खिडकीत बसायची. कॉफी गार व्हायची. रडू येत नव्हतं, भूकही लागत नव्हती.

शेजारची बेव्ह हॉटडिश घेऊन आली. वर कुरकुरीत बटाटे, खाली खिमा. मार्लिसने चार घास खाल्ले. चव कळली नाही.

मग बर्फ पडायला लागला. मार्लिस दार उघडायची, तेव्हा रस्त्यापर्यंतची वाट साफ झालेली असायची आणि फावडं खांद्यावर टाकून ऑरिन आपल्या घराकडे चाललेला दिसायचा.

"अगं, म्हातारा लट्टू झालाय तुझ्यावर!" बेव्ह म्हणाली. "माझ्या दारात कधी फावडं लावलं नाही मेल्यानं."

"पायी कुठे जातो रोज?"

"दुकानात. पिशव्या वाहत येतो, गाडी असून."

"का?"

"असतं एकेकाचं," म्हणत बेव्हने रिकामं भांडं उचललं.

ऐन थंडीत घर गरम ठेवणारी तळघरातली भट्टी बंद पडली. घरमालक गावाला गेलेला. बेव्हने ऑरिनला बोलावून आणलं आणि ती निघून गेली. तो भट्टीपुढे गुडघ्यांवर बसला. मागे मार्लिस त्याचा जड पाना धरून उभी राहिली. त्याच्या मानेवरचे पांढरे केस तिला दिसत होते.

"पाना द्या," तो मागे न वळता म्हणाला.

तिने दिला. घर गरम झालं. त्या रात्री तिला झोप लागली.

बर्फ वितळला, तसं तिने घर सोडायचं ठरवलं. सामान गाडीत भरलं आणि पहिल्यांदाच रस्ता ओलांडून ऑरिनचं दार वाजवलं.

"निघाले मी."

"हं."

"एक सांगायचं होतं. त्यासाठीच इथं राहायला आले होते. पण आता जमेल असं वाटत नाही." ती थांबली. "तुम्हाला माहीत नाही मी कोण आहे ते."

ऑरिनने दाराची चौकट धरली.

"माहीत आहे, मार्लिसबाई. घर बघायला आलात तेव्हाच कळलं. चेहरा हुबेहूब तुमच्या मुलीचाच. माझ्या गाडीखालून तिला मीच बाहेर काढलं होतं."