बिनआवाजी

गुरुदत्तच्या पंचावन्न सालच्या पिकअपचा गिअरबॉक्स ओक ट्री रोडच्या वळणापासूनच करकरायचा. तो आवाज आला की वसुधा घरासमोर ड्राइव्हवेत खेळणाऱ्या लेकीला आतूनच ओरडून सांगायची, "मनू, बाबा आला, पायरीवर ये!"

तीन शनिवार खपून त्याने गिअरबॉक्स खोलला, झिजलेली बेअरिंग्ज बदलली आणि आज चक्कर मारायला गेला. वसुधा भांडी घासत होती. सहज खिडकीबाहेर पाहिलं, तर पिकअप मांजराच्या पावलांनी ड्राइव्हवेत रिव्हर्स येत होती आणि तिच्या मागेच मनू खडूने घर काढत बसली होती. वसुधा साबणाच्या हातांनी धावली. लेकीला ओढून घेतलं.

"ऐकलंस?" गुरुदत्त खिडकीतून डोकं काढून हसला. "जरासुद्धा आवाज नाही!"

संध्याकाळी पूजेला बसल्यावर त्याने विचारलं, "अगं, देवातली घंटा कुठाय?"

"तुझ्या बंपरला बांधलीय. सोडायची नाही."