होकाराचं दार

वारा आणि उन्हापासून वीज करणारी सरकारी कंपनी काढायची की नाही, यावर लंडनच्या संसदेत दिवसभर खडाजंगी चालली होती. कंपनी झाली तर माझी सहकारी खासदार मोर्वेना हिच्या मतदारसंघात, कॉर्नवॉलच्या बंदरात, पवनचक्क्या जोडायचं काम येणार होतं. तिथली पोरं गाव सोडायची थांबणार होती. पण आमच्याच पक्षातले काही जण फुटले होते. शेजारच्या डेव्हनचे विरोधी खासदार जाइल्स तर फॉर्मात होते. "ज्यांना साधी ट्रेन वेळेवर आणता येत नाही, ते वारा काय आणणार?" म्हणत त्यांनी सभागृह हसवलं होतं.

आमच्याकडे मत द्यायचं म्हणजे घंटा वाजली की उठून होकाराच्या नाहीतर नकाराच्या दारातून चालत जायचं. आत शिरलात की मोजले गेलात.

घंटा वाजली तशी मोर्वेना जाइल्सच्या कानाशी काहीतरी बोलली आणि चालू लागली. ते लालबुंद झाले. "हे बघ बाई, मी मेलो तरी हे मान्य करणार नाही," म्हणत, बोट नाचवत ते तिच्या मागोमाग तिच्याच दारातून आत गेले. भानावर आले तोवर दारं बंद झाली होती.

विधेयक एका मताने पास झालं. चहाच्या खोलीत मी तिला गाठलं. "अगं, कंपनीबद्दल असं सुनावलंस तरी काय त्यांना?"



"कंपनीचं कोण बोललं? मी म्हटलं, चहाबरोबरच्या गोड पावावर, स्कोनवर, आधी जॅम लावायचा, मग साय. आधी साय थापतात ती डेव्हनची माणसं अडाणी."