गाठ निघाल्यावर

मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतली ती गाठ भलतीच नाठाळ होती. सर्जनचं बोट नुसतं टेकलं, तरी सात वर्षांच्या त्या पोरीचा रक्तदाब दोनशेला भिडायचा. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई औषध सोडायच्या, की पडद्यावरचा आकडा निमूट खाली यायचा.

अकरा वाजता गाठ निघाली. सिस्टरने ती स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवली. आकडा नव्वदवर स्थिरावला आणि बाईंनी अवघडलेली मान मोकळी केली.

तेवढ्यात तो एकदम दोनशेवर गेला.

“सर, आता कशाला हात लागला?”

“कशालाच नाही. टाके घालतोय मी.”

बाईंनी वळून पाहिलं. सिस्टर चिमट्याने गाठ उलटीपालटी करून तिचं माप घेत होती. तिने चिमटा खाली ठेवला आणि आकडा उतरला.

“सिस्टर, परत एकदा उचला बरं.”

सिस्टरने गाठ उचलली. आकडा चढला.

“रक्तदाब मोजणारी नळी हलली असेल,” सर्जन मान वर न करता म्हणाले. बाईंनी तपासलं. नळी जागच्या जागी होती.

तोवर वॉर्डबॉय मामा गाठ बरणीत घालून खालच्या लॅबकडे निघालेही होते. ते जिना उतरत होते तोवर आकडा पायरी-पायरीने हिंदकळत राहिला.

मग भिंतीवरचा फोन वाजला. बाईंनी तो उचलला.

“मॅडम, लॅबमधून बोलतोय. गाठ पोचली बरं का. सुरी हातातच आहे, कापायला घेऊ?”

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. पोरगी गाढ भुलीत होती. सुरी अजून टेकलीही नव्हती, तरी आकडा चढायला लागला होता.