एक दात कमी

मेलेली माणसं रात्री घरी परततात म्हणतात, त्या हॅलोवीनच्या दुपारी डिम्पना नवऱ्याच्या, मॅलकीच्या, शेडमध्ये कंदिलासाठी सलगम कोरत बसली होती. तो गेल्यानंतरचा हा पहिलाच कंदील.

"आई, दुकानात भोपळ्यांचे ढीग पडलेत," लेक सोर्खा म्हणाली. "हाताची सालटी कशाला काढून घेतेस?"

"भोपळा म्हणजे नुसतं लोणी गं. तुझे बाबा हसले असते."

मॅलकीच्या कंदिलाला नेहमी एक दात कमी असायचा, त्याच्या स्वतःसारखाच. डिम्पनाला काही ते जमेना. शेवटी तिने सरळ रेघेसारखं तोंड कोरलं आणि मेणबत्ती लावली.

"दिवसा लावतेस? बाबा लगेच फुंकून टाकायचे. 'रात्री घरी येणाऱ्यांसाठी राहू दे,' म्हणायचे."

"बघू तर दे, कसा दिसतो." डिम्पनाने दार ओढून घेतलं.

कंदिलाचं तोंड गंभीरच होतं. भिंतीवर पडलेला उजेड मात्र हसत होता, आणि त्या हसण्यात एक दात कमी होता.

सोर्खाने आईचा दंड घट्ट धरला. डिम्पनाने कंदील हळूच फिरवला. हसू जागचं हललं नाही.

मग भिंतीवरच्या तोंडाचा चंबू झाला आणि मेणबत्ती विझली.

"बरं, बरं," डिम्पना अंधारात मायेने म्हणाली. "रात्रीच लावते. ये."