मुलीच्या पेशींना शेपूट

रक्त कधी खोटं बोलत नाही. प्रयोगशाळा बदलली की फक्त मत बदलतं.

पत्रिका कधीच बाद झाल्या होत्या. आता लग्नाआधी रक्तपेशींतली गुणसूत्रं बघत. दमयंतीच्या वडिलांनी तुटकी गुणसूत्रं मोजणारा अहवाल पुढे केला. एकही तुटलेलं नव्हतं.

"आमच्यात धूमकेतू चाचणीच मानतात," मुलाची आई म्हणाली. "त्यात तुटका डीएनए शेपटासारखा दिसतो. तुमच्या मुलीला हे एवढं शेपूट आहे हो!"

"अहो, त्या चाचणीला रक्त दिलं त्या सकाळी हिला टेकडीवर खूप पळवलं होतं," दमयंतीची आई रडवेली झाली. "तुम्हीच म्हणालात ना, मुलगी जरा बारीक करा!"

कॉलेजपासून दमयंतीबरोबर फिरणारा हा नवरामुलगा खाली बघत चपला घालू लागला.

पळून तुटलेला डीएनए पेशी दोनेक दिवसांत आपणच जोडून घेतात.