बांधलेली खोकी

नव्या मुख्यमंत्र्यांनी खुर्चीतून उठून हुपरीकरांच्या खांद्यांवर शाल घातली. "तुमच्यासारखा ताठ कण्याचा माणूसच वित्त सचिव हवा. मागच्यांनी तुम्हाला पुराभिलेख खात्यात कुजवलं."

हुपरीकरांचा ऊर भरून आला. निवडणुकीच्या तोंडावर घरोघरी फुकट मिक्सर वाटायची योजना त्यांनी अडवली होती. 'तिजोरीला परवडणार नाही' असा शेरा फाइलवर मारला आणि आठवड्याच्या आत त्यांची उचलबांगडी झाली. पुढे विरोधकांनी तोच शेरा विधानसभेत वाचून दाखवला, आमदार फुटले आणि सरकार गडगडलं.

चहा आला, आणि चहापाठोपाठ फाइल आली. योजना तीच होती. मिक्सरवर छापायचा फोटो तेवढा बदलला होता.

"साहेब, यावरचा माझा शेरा आपणच विधानसभेत वाचला होता," हुपरीकर चाचरत म्हणाले.

"म्हणून तर तुम्हाला परत आणलं," मुख्यमंत्री हसले. "तुमची सही असली की कोण बोट ठेवणार?" त्यांनी स्वतःचं पेन उघडून पुढे केलं.

संध्याकाळी हुपरीकर घरी आले तेव्हा कालिंदीताई सामानाच्या खोक्यांपाशी बसल्या होत्या. नवऱ्याच्या सततच्या बदल्यांपायी निम्मी खोकी त्या कधी सोडतच नसत. हुपरीकरांच्या खांद्यांवरची शाल बघून त्यांनी हौसेने विचारलं, "या वेळी सोडू का हो सगळी?"

हुपरीकरांनी शाल काढली आणि घडी न घालताच खुर्चीवर टाकली.

"सोड," ते म्हणाले. "आता बदली व्हायची नाही."