पत्त्यावरची मोहोर

अपेंडिक्स फुटलेल्या जुरी मडावीला भामरागडच्या दवाखान्यात टेबलावर घेतलं होतं. शस्त्रक्रिया डॉक्टर नाझनीन काझी करणार होत्या. नागपुरात बसून, यंत्राच्या हातांनी. पडद्यावर त्यांचा चेहरा उमटला.

"सुरू करू या," त्या म्हणाल्या.

यंत्राचे हात हलले नाहीत.

"मॅडम तर समोर दिसतात," काचेपलीकडून जुरीचा नवरा लालसू म्हणाला. "मग थांबलं कशाला?"

यंत्राचा इशारा वाचून परिचारिका सुलभा येरमे काचेकडे वळली. "या मॅडम नाहीत, लालसूभाऊ, चेहरा बनावट आहे. इंटरनेटवर त्यांच्या नावापुढे कुणीतरी खोटा पत्ता घुसवलाय. खऱ्या पत्त्यावर मोहोर असते, यावर नाही."

यंत्राने तो पत्ता पुसला आणि नव्याने विचारणा केली. पडद्यावरच्या नकाशात उजेडाची रेघ समुद्रापार गेली, इंटरनेटवरची सगळी नावं जिथून सुरू होतात त्या मुळापर्यंत. मुळाने देशाची खात्री दिली, देशाने नागपूरच्या रुग्णालयाची, रुग्णालयाने डॉक्टरांची. सुलभाचा श्वास अडकला होता, तो सुटायच्या आत रेघ परतलीसुद्धा.

पडद्यावर पुन्हा तोच चेहरा आला, या वेळी घामेजलेला. "सुलभा, केव्हाची हाक मारतेय मी. नाडी सांग."

यंत्राचे हात अलगद खाली आले.

दुपारी जुरीने डोळे उघडले. लालसू तिच्या उशाशी बसून होता.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं," तो हळूच म्हणाला. "तुला हात लावायच्या आधी ते यंत्र जगभर विचारून आलं."